सहा आठवड्यांचे जीन थेरपी प्रशिक्षण : ५३,१०० रुपयांत काय मिळाले, काय राहिले

पुण्याच्या पश्चिम उपनगरातल्या एका खासगी जैवतंत्रज्ञान प्रशिक्षण संस्थेत मे-जून २०२४ मध्ये मी जीन थेरपी आणि व्हायरल व्हेक्टर यांचा सहा आठवड्यांचा प्रात्यक्षिक वर्ग केला. जीन थेरपी म्हणजे पेशींत जीन पोहोचवून आजारावर केलेला उपचार, आणि तो जीन वाहून नेणारा बदललेला विषाणू म्हणजे व्हायरल व्हेक्टर. फी ४५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ५३,१०० रुपये. कॉट बेसिसवरची खोली आणि डबा वेगळा. संस्थेचे नाव मी देत नाही. एक तर माझ्या निम्म्या तक्रारी या प्रकारच्या कोणत्याही वर्गाबाबत तपासून पाहाव्यात अशा आहेत, आणि दुसरे म्हणजे तिथल्या एका तंत्रज्ञ ताईंचे माझ्यावर उपकार आहेत; माझ्या लिहिण्याने त्यांच्या नोकरीवर बालंट यायला नको. वर्ग संपला त्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर हा अभिप्राय नुसता रागाचा झाला असता. आता एका सरकारी संशोधन संस्थेत दीड वर्ष प्रोजेक्ट असोसिएट म्हणून काम केल्यावर त्यातले काय उपयोगी पडले आणि काय कागदावरच राहिले, हे जरा शांतपणे सांगता येईल.

मी कोल्हापूरला बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. केले. आमच्याकडे डीएनए वेगळा करणे, जेल चालवणे, पीसीआर लावणे एवढे होत असे, तेही चौघींत एक जेल अशा हिशेबाने; सस्तन प्राण्यांच्या पेशींचे कल्चर, म्हणजे त्या शरीराबाहेर वाढवणे, मात्र आम्ही काचेच्या दारापलीकडून पाहिले होते. नोकरीच्या जाहिराती चाळू लागले तेव्हा प्रत्येक ठिकाणी एकच ओळ आडवी यायची : सस्तन पेशींच्या कल्चरचा अनुभव असल्यास प्राधान्य. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. त्यात त्या वर्षी ४ एप्रिलला पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते नेक्सकार१९ या कार-टी उपचाराचे, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशींत जीन घालून त्यांना कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचाराचे, लोकार्पण झाले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या या उपचाराला आदल्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची, म्हणजे सीडीएससीओची मान्यता मिळाली होती, आणि परदेशातल्या तशाच उपचाराच्या साधारण दहाव्या भागात तो मिळेल अशा बातम्या होत्या. वडिलांनी वर्तमानपत्र पुढे सरकवून “हेच न्हवं का तुझं?” असे विचारले. त्याच आठवड्यात या वर्गाचे माहितीपत्रक मोबाइलवर आले आणि मी पैसे भरले. संस्थेने वेळ चांगली साधली होती, एवढे मान्य करायला हवे.

माहितीपत्रकात पेशी-कल्चर, लेंटिव्हायरस आणि एएव्ही हे दोन व्हेक्टर, जीन नेमक्या जागी कापणारे क्रिस्पर, एकेक पेशी यंत्राने तपासणारी फ्लो सायटोमेट्री, कार-टी आणि औषधनिर्मितीतली जीएमपी पद्धत, असे सगळे होते. सहा आठवड्यांत हे सगळे शिकवणारी प्रयोगशाळा जगात कुठे असेल असे मला आज वाटत नाही. तेव्हा मात्र यादी जितकी लांब तितके पैसे वसूल, असाच माझा हिशेब होता. एका तुकडीत १० जण असतील असे छापले होते, प्रत्यक्षात आम्ही १६ होतो. बायोसेफ्टी कॅबिनेट, म्हणजे पेशी आणि विषाणू हाताळायची गाळलेल्या हवेची पेटी, दोन. एका कॅबिनेटसमोर एका वेळी एकच माणूस नीट काम करू शकतो. दिवसाचे सात तास धरले तरी माणशी पुरता एक तासही हाती येत नाही, आणि त्यातही मधेमधे स्पिरिटने पुसणे, अतिनील दिवा लावून थांबणे हे असतेच. या वर्गाबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. बाकीच्या उणिवा कमी-अधिक प्रमाणात खपवून घेता येतात, पण हाताला मिळणारा वेळ विकत घ्यायला आपण जातो आणि नेमका तोच काटला जातो.

तरीही पहिले दोन आठवडे उत्तम होते, आणि त्याचे श्रेय त्या तंत्रज्ञ ताईंना. त्यांच्या नावामागे पीएच.डी. नव्हती, माहितीपत्रकातल्या मार्गदर्शकांच्या छायाचित्रांत त्या नव्हत्या, आणि त्या बोलायच्याही कमी. आम्हाला प्रत्येकी एक टी-२५ फ्लास्क मिळाला, त्यात एचईके-२९३टी पेशी. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याची पहिली गाठ बहुधा याच पेशींशी पडते, कारण व्हायरल व्हेक्टर तयार करण्याचा कारखाना म्हणून त्याच वापरल्या जातात. मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडापासून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या लायडेन येथे फ्रँक ग्रॅहम यांनी यांची मूळ पेशीमालिका तयार केली, आणि २९३ हा आकडा म्हणजे त्यांच्या वहीतला प्रयोगाचा क्रमांक आहे. ताईंनी ही गोष्ट सांगितली ती वहीचे महत्त्व पटवायला. पानावर तारीख, पेशींचा पॅसेज नंबर, म्हणजे त्या कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाटल्या तो आकडा, सीरमचा लॉट नंबर, सगळे पेनने. चुकले तर एक रेघ मारायची, पान फाडायचे नाही. आमच्यातल्या एकाने पान फाडले तेव्हा त्यांनी त्याला त्या दिवशी फ्लास्कला हात लावू दिला नाही.

पेशी ३७ अंश सेल्सिअसला, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, दहा टक्के सीरम घातलेल्या डीएमईएम या माध्यमात, म्हणजे पोषक द्रवात, वाढतात, हे पाठ्यपुस्तकात आम्ही वाचलेलेच होते. पुस्तकात न लिहिलेली गोष्ट अशी की २९३टी पेशी फ्लास्कच्या तळाला फार सैल चिकटतात. जुने माध्यम काढून नवे ओतताना पिपेटचे टोक पेशींच्या थराकडे असेल तर तो थर ओल्या भिंतीवरच्या पोपड्यासारखा उचलून येतो. पहिल्या दिवशी माझा अर्धा फ्लास्क असाच गेला. ताईंनी माझे मनगट धरून फ्लास्क उभा केला, पिपेट पेशी नसलेल्या वरच्या भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, “पाणी घालत नाहीयेस तू, डोळ्यांत औषध घालतेयस. तेवढंच सावकाश.” त्यानंतर माझा थर कधी उचलला गेला नाही. पेशी तळापासून सोडवायला ट्रिप्सिन घातल्यावर घड्याळाकडे बघायचे नाही, सूक्ष्मदर्शकाखाली पेशींकडे बघायचे. माध्यमाचा गुलाबी-लाल रंग पिवळसर होऊ लागला तर पेशींची गर्दी झाली आहे, जांभळट झाला तर इन्क्युबेटरमधल्या कार्बन डायऑक्साइडची टाकी तपासायची. पेशी मोजायच्या त्या न्यूबाउअरच्या काचेवर, हाताने, रोज. मशीन शेजारी असले तरी.

तिसऱ्या आठवड्यात माझा फ्लास्क गढूळ झाला. सकाळी इन्क्युबेटर उघडला तर माध्यम पिवळे, आणि हलवल्यावर धुरासारखे काहीतरी वर आले. बॅक्टेरिया. वर्गाच्या समन्वयक सरांचे म्हणणे असे पडले की वेळ नाही, शेजारणीच्या फ्लास्कमधून थोड्या पेशी घे आणि पुढे चल. ताईंनी मात्र त्यात ब्लीच ओतायला लावून तो अर्धा तास तसाच ठेवायला सांगितला आणि सगळ्यांचे जेवण चालू असताना मला द्रव नायट्रोजनच्या टाकीपाशी नेले. उणे १९६ अंशांतून वर आलेली ती बोटाच्या पेराएवढी कुपी ३७ अंशांच्या पाण्यात धरायची, आणि आत तांदळाच्या दाण्याएवढा बर्फ उरला की लगेच बाहेर काढायची. कारण पेशी गोठवताना घातलेले डीएमएसओ थंडीत त्यांना वाचवते, पण वितळल्यानंतर तेच त्यांना मारते. मग थेंबाथेंबाने गार नसलेले माध्यम, सेंट्रिफ्यूज, वरचा द्रव टाकून देणे, नवा फ्लास्क. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्याहून अधिक पेशी तळाला चिकटलेल्या दिसल्या तेव्हा झालेला आनंद मला एम.एस्सी.च्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. माहितीपत्रकात गोठवलेल्या पेशी उठवण्याचा उल्लेख नव्हता, आणि उरलेल्या पंधरा जणांना ते शिकायला मिळाले नाही. त्यांचे फ्लास्क बिघडले नाहीत एवढाच त्यांचा दोष.

चौथा आणि पाचवा आठवडा लेंटिव्हायरसचा. इथे संस्थेने विषयाची निवड योग्य केली आहे, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. भारतात या क्षेत्रात गाजलेली कामे पाहिली तर नेक्सकार१९ मध्ये रुग्णाच्या टी-पेशींत नवा जीन पोहोचवायला लेंटिव्हायरसच वापरतात, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये तीव्र हिमोफिलिया-ए असलेल्या पाच रुग्णांवर झालेल्या चाचणीतही त्यांच्याच रक्तमूळपेशींत रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाचा जीन लेंटिव्हायरसमार्फत घातला गेला. तेव्हा या देशात राहून या क्षेत्रात नोकरी करायची असेल तर हा व्हेक्टर हाताखालून जायला हवा.

पद्धत अशी की विषाणूचे जीन वेगवेगळ्या प्लास्मिडांवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळांवर, वाटून टाकायचे, म्हणजे तयार होणारा कण पेशीत एकदा शिरू शकतो पण तिथून स्वतःची पिलावळ काढू शकत नाही. आम्हाला तीन प्लास्मिडांची दुसऱ्या पिढीची पद्धत शिकवली. रुग्णांसाठी चार प्लास्मिडांची तिसरी पिढी वापरतात, आणि का, ते एका ओळीत सांगून पुढे गेले. पीईआय हे रसायन आणि डीएनए एकत्र करून पंधरा-वीस मिनिटे ठेवायचे, ते पेशींवर थेंबथेंब सोडायचे, दुसऱ्या दिवशी माध्यम बदलायचे. ४८ तासांनी प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाचा निळा दिवा लावला आणि काळोख्या क्षेत्रात पेशी हिरव्या उजळल्या. आम्ही घातलेला जीन जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनाचा होता. खोलीत एरवी फार कुजबुज असायची, ती त्या मिनिटाला थांबली.

पुढचे काम असे : ४८ आणि ७२ तासांचे माध्यम गोळा करून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचे, उणे ८० अंशांना छोट्या छोट्या भागांत ठेवायचे, कारण दर वेळी वितळवून पुन्हा गोठवले की विषाणूची ताकद घटते. मग टायटर, म्हणजे एक मिलिलिटरमध्ये कामाचे कण किती ते काढायचे. एक लाख पेशींवर ०.०१ मिलिलिटर द्रव टाकला आणि १२ टक्के पेशी हिरव्या झाल्या, तर १२,००० भागिले ०.०१, म्हणजे मिलिलिटरला १२ लाख. हिरव्या पेशींचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली येईल इतका पातळ केलेला नमुनाच हिशेबाला धरायचा, कारण त्यावर गेले की एकेका पेशीत दोन-तीन कण शिरलेले असतात आणि आकडा खोटा कमी येतो. हे सगळे फ्लो सायटोमीटरवर होईल असे छापले होते. प्रत्यक्षात संस्थेत ते यंत्रच नव्हते. सोळा जणांच्या मिळून एकाच नमुन्याची बाहेरून तपासणी करून आणली आणि त्या आलेखाची झेरॉक्स सगळ्यांना वाटली. मी माझ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी मोजल्या; आकडा ओबडधोबड आला, पण तो माझा होता.

एक बाब मात्र मला आजही डाचते. पाचव्या आठवड्यात मी ज्या कॅबिनेटमध्ये विषाणू हाताळत होते तिच्या कडेला वार्षिक तपासणीचे चिठोरे होते, आणि त्यावरची मुदत चौदा महिन्यांपूर्वी संपलेली होती. हे नुसते कागदाचे प्रकरण नाही. वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनात वापरतात तो आडवा लॅमिनार गाळलेली हवा आतून माणसाच्या तोंडावर सोडतो. त्यात नमुना सुरक्षित असतो, माणूस नाही. आमच्याकडच्यासारखी क्लास-२ प्रकारची बायोसेफ्टी कॅबिनेट पुढच्या फटीतून हवा आत ओढते आणि वरून गाळलेली हवा खाली सोडते, म्हणून तिच्यात दोघेही सुरक्षित राहतात, पण ते केवळ पंखा आणि फिल्टर ठरलेल्या वेगाने चालत असतील तर. आम्ही वापरत होतो त्या लेंटिव्हायरसवर व्हीएसव्ही-जी हे आवरण-प्रथिन होते. ते गुराघोड्यांच्या एका विषाणूचे आहे आणि त्यामुळे तो कण जवळजवळ कोणत्याही सस्तन पेशीत, माझ्यासुद्धा, शिरू शकतो. आत केवळ हिरव्या प्रथिनाचा जीन होता म्हणून गोष्ट तेवढ्यावर राहिली. मी समन्वयकांना विचारले तर “माणसं येऊन जातील पुढच्या आठवड्यात” असे उत्तर मिळाले. माझा वर्ग संपेपर्यंत ती माणसे आली नाहीत.

एएव्ही, क्रिस्पर, कार-टी आणि जीएमपी हे चारही विषय सहाव्या आठवड्यात स्लाइडवर उरकले. क्रिस्परचे मला फारसे दुःख नाही. गाइड आरएनए कसा निवडावा हे घरी बसूनही शिकता येते. एएव्हीची चुटपुट मात्र लागली. डोळ्यांच्या एका आनुवंशिक अंधत्वावरचे लक्सटर्ना हे अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्य झालेले औषध, बाळांच्या स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारावरचे २०१९ चे झोलगेन्स्मा, ही दोन्ही एएव्हीवर बसवलेली आहेत. हा जेमतेम २५ नॅनोमीटरचा कण, त्यात साधारण ४,७०० बेसचा डीएनए मावतो, त्याहून लांब जीन असेल तर त्याची काटछाट करावी लागते. आणि त्याच्या प्लास्मिडावरची जीनच्या दोन्ही बाजूंची टोके, आयटीआर, साध्या बॅक्टेरियात वाढवताना गळून पडतात, म्हणून खास जातीचे बॅक्टेरिया वापरून दर वेळी एन्झाइमने कापून टोके शाबूत आहेत का ते पाहावे लागते. हे शेवटचे वाक्य मी आज नोकरीत शिकलेले लिहिते आहे. माहितीपत्रकात ‘एएव्ही निर्मिती व शुद्धीकरण : प्रत्यक्ष’ असे छापून नंतर चाळीस मिनिटांच्या स्लाइड दाखवणे याला माझ्या मते फसवणूक हाच शब्द आहे.

व्याख्यानांत एकच लक्षात राहिले, तेही बाहेरून आलेल्या एका ज्येष्ठ डॉक्टर बाईंचे. सुरुवात त्यांनी यशोगाथेने केली : १४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेत चार वर्षांच्या अशांती डिसिल्वा हिला दिलेला पहिला मान्यताप्राप्त जीन उपचार. मग त्यांनी आवाज न चढवता जेसी गेलसिंगरची हकिगत सांगितली. यकृतातल्या एका एन्झाइमच्या कमतरतेचा, गोळ्या आणि पथ्य यांवर बरा चाललेला अठरा वर्षांचा मुलगा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चाचणीत स्वतःहून सहभागी झाला, आणि अ‍ॅडिनोव्हायरस व्हेक्टर दिल्यावर चार दिवसांनी, १७ सप्टेंबर १९९९ रोजी वारला. पुढे पॅरिसमध्ये प्रतिकारशक्तीशिवाय जन्मलेल्या मुलांना रेट्रोव्हायरसने जीन दिला गेला. मुले बरी झाली, पण त्यांपैकी काहींना काही वर्षांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला, कारण व्हेक्टर एलएमओ२ या जीनजवळ जाऊन बसला होता आणि त्याने तो जागा केला. आधीच्या आठवड्यात एका ओळीत उरकलेली तिसरी पिढी, तिच्यातली मुद्दाम अधू केलेली टोके, चार वेगळी प्लास्मिडे, या सगळ्याचे कारण मला त्या तासाला कळले. भारतात अशा कामाला संस्थेची जैवसुरक्षा समिती, मग जनुकीय फेरफारांची केंद्रीय समीक्षा समिती म्हणजे आरसीजीएम, मग सीडीएससीओ अशा पायऱ्या चढाव्या लागतात आणि २०१९ मध्ये आयसीएमआरने त्यासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली, हेही त्यांनीच सांगितले. बाई बोलत होत्या तेव्हा मला बाहेरच्या खोलीतले ते मुदत संपलेले चिठोरे आठवत होते.

आता नोकरीबद्दल, कारण वर्गाची जाहिरात शेवटी त्याच शब्दावर चालते. ‘शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य’ म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप गट निघाला, ज्यात सार्वजनिक संकेतस्थळांवरच्या जाहिराती पुढे ढकलल्या जातात. जाड कागदावरचे प्रमाणपत्र कोणत्याही मुलाखतीत कोणी हातात घेतले नाही. माझ्या पहिल्या मुलाखतीत विचारले गेले की पेशींची मायकोप्लाझ्मा चाचणी किती दिवसांनी करायचात. मी गप्प. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जीवाणू माध्यम गढूळ करत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनला दाद देत नाही, आणि महिनोन् महिने सगळ्या प्रयोगांचे निकाल नासवत राहतो. आम्ही सहा आठवडे प्रतिजैविक घातलेले माध्यम वापरत होतो आणि ही चाचणी एकदाही केली नव्हती. ती नोकरी गेली. दुसऱ्या ठिकाणी मी वहीच काढून ठेवली. समितीतल्या एका सरांनी पाने उलटली, तिसऱ्या आठवड्याच्या पानावर थांबले, आणि पुढची दहा मिनिटे फक्त त्या बिघडलेल्या फ्लास्कवर प्रश्न झाले : कुपी कितव्या पॅसेजची, वितळवल्यावर जिवंत पेशी किती टक्के, ब्लीच किती वेळ ठेवले. त्या दिवशीच निवड झाली.

पगाराचे आकडे नव्या मुलामुलींना कोणी धड सांगत नाही म्हणून लिहिते. मी रुजू झाले तेव्हा नेट किंवा गेट उत्तीर्ण असलेल्या प्रोजेक्ट असोसिएट-१ ला महिना ३१,००० आणि घरभाडे भत्ता, उत्तीर्ण नसेल तर २५,००० आणि भत्ता असे दर होते, जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीधारकाला, ३७,०००. मी २५,००० वाली. म्हणजे वर्गाची फी माझ्या दोन महिन्यांच्या मूळ मानधनाहून जास्त झाली, आणि तेच सहा आठवडे नेटच्या अभ्यासाला दिले असते आणि उत्तीर्ण झाले असते तर दरमहा ६,००० रुपये वर मिळाले असते. हा हिशेब मी वर्गाआधी मांडायला हवा होता. ज्यांचे एम.एस्सी. अजून चालू आहे त्यांनी तर पैसे भरण्याआधी दोन दारे ठोठावावीत. शेवटच्या सत्राचा प्रकल्प पेशी-कल्चर रोज चालणाऱ्या प्रयोगशाळेत मिळतो का पाहावे, आणि देशाच्या तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीला अर्ज करावा. तिथे दोन महिने काम करायला पैसे द्यावे लागत नाहीत, उलट मिळतात. माझ्यासारखे ज्यांचे ते वय आणि ती संधी निघून गेली आहे, आणि ज्यांना काचेच्या दाराच्या आत एकदा तरी शिरायचेच आहे, त्यांच्यासाठी हा वर्ग अगदी वाया नाही. पाचपैकी गुण द्यायचेच तर पहिल्या तीन आठवड्यांना साडेचार, लेंटिव्हायरसला तीन, सुरक्षिततेला एक, आणि सहाव्या आठवड्याला, त्या डॉक्टर बाईंचा एक तास वजा करून, शून्य.

फोन करून चौकशी करणार असाल तर विषयांची यादी विचारू नका. तुकडीत माणसे किती आणि कॅबिनेट किती, प्रत्येकाला स्वतःचा फ्लास्क मिळतो का, गोठवलेल्या पेशी स्वतः उठवायला देतात का, मायकोप्लाझ्माची चाचणी होते का, फ्लो सायटोमीटर त्याच इमारतीत आहे का, आणि कॅबिनेटची तपासणी शेवटची कधी झाली, हे विचारा. गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीसाठी मीच नाव न सांगता फोन केला होता. फी आता ५२,००० अधिक जीएसटी झाली आहे. तुकडीत जास्तीत जास्त १२ जण घेतो असे सांगितले, कॅबिनेट मात्र दोनच. तपासणीचा प्रश्न विचारल्यावर पलीकडच्या मुलीने “एक मिनिट हं मॅडम” म्हणून फोन बाजूला ठेवला, आणि मागून ओळखीचा आवाज आला : “सांग, मार्चमध्ये झाली. मी स्वतः उभी होते.” एएव्ही अजूनही माहितीपत्रकात आहे.